धाडच्या बाजारातला धोंडा आणि चिनी वाक्याचे वाटे

बुलढाणा जिल्ह्यात मी पहिल्यांदा गेले ती एका पोस्टकार्डामुळे. महाराष्ट्र राज्याला तेव्हा चौदावं-पंधरावं वर्ष लागलं असेल. मी पुण्यात एका संस्थेत मराठी शिकवत होते. संध्याकाळी त्याच संस्थेच्या चिनी भाषेच्या वर्गाला विद्यार्थिनी म्हणून बसत होते, आणि चार दिवस सुट्टी मिळाली की गावोगाव भाषणं देत फिरत होते. भाषणाचा विषय वर्षानुवर्षं एकच: माणसाला त्याच्या भाषेतून शिकवा. या विषयावर मी दीड तास पाणी न पिता बोलू शकत असे. अजूनही बोलू शकेन, पण आता ऐकणारे दीड तास बसत नाहीत, म्हणून ब्लॉग लिहिते.

पोस्टकार्ड चिनीच्या विभागप्रमुखांच्या नावानं आलं होतं. मजकूर एवढाच: “मी धाडची वत्सला. आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. मले चिनी येते, लिहिताबी येते. इंग्रजी येत नाही. तुमच्या वर्गात जागा आहे काय? बाजाराच्या दिवशी आल्यास कोणालेही विचारा.” खाली एक ओळ चिनी अक्षरांत. अक्षर माझ्यापेक्षा सुरेख.

विभागात ते कार्ड हातोहात फिरलं आणि सगळे हसले. चिनी येतं आणि इंग्रजी येत नाही, हे होईल कसं? आमची पुस्तकं इंग्रजीत, शिकवणं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीतून चिनीत. विभागप्रमुख मला म्हणाले, “तुम्ही चिखलीला भाषणाला चाललाच आहात. तसंच पुढे जाऊन बघून या.” हातात एक बंद पाकीट दिलं. आत वीस इंग्रजी वाक्यं होती, त्यांचं चिनी करून घ्यायचं होतं. “नियम तुम्हाला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पेपर सुटला तर जागा. नाही तर नाही.” बाजाराच्या दिवशी येते, असं मी वत्सलाला उलट टपालानं कळवलं.

पहिला दिवस औरंगाबादपर्यंतचा. तिथे मावसबहिणीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जालना, देऊळगाव राजा, चिखली. ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांनी तो थंडीत करावा. दोन्ही बाजूंना तूर पिवळी झालेली, ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, आणि चिखली जवळ आली की कापसाच्या गाड्यांची रांग. इतक्या भरलेल्या की बैल दिसत नाहीत, नुसता पांढरा डोंगर चालत येतो. आता तिथे चांगला डांबरी रस्ता आहे म्हणतात. तेव्हा खिडकीची काच हा एक समज होता, आणि धूळ तिकिटाशिवाय बसत असे.

कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, “पुण्याच्या का जी तुमी?”

“कशावरून?”

“तिकीट मांगतानी ‘कृपया’ म्हनल्या तुमी. हिकडं तेवढ्या वेळात मानूस उतरून घरी जाते.”

चिखलीला शाळेच्या पटांगणात भाषण झालं. गावचे व्यापारी, शिक्षक, बाजार आटपून आलेले शेतकरी, असा चांगला जमाव होता. मी मन लावून तापले. परक्या भाषेच्या दारातून आत शिरणारा माणूस आयुष्यभर उंबऱ्यावरच उभा राहतो, असं काहीतरी म्हणाले आणि टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. मुख्याध्यापकांच्या घरी जेवण होतं: ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल. ठेच्यानं माझा आवाज बसला, जो दीड तासाच्या भाषणानं बसला नव्हता. त्या वेळी माझ्या पिशवीत ते बंद पाकीट होतं आणि इंग्रजीतून लिहिलेलं चिनी व्याकरणही. त्याची मला लाज वाटली नाही, कारण तोवर ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बुलढाण्यात गाडी बदलून धाड. बुलढाणा उंचावर आहे, हवा अशी की शाल काढावीशी वाटत नाही. स्टँडवरचा चहा घ्या, गोड असतो पण गरम असतो. तिथून धाडला जीप मिळाली. जीपमध्ये अकरा माणसं, एक शेळी आणि मी. भाडं एसटीपेक्षा चार आणे जास्त, शेळीचं वेगळं.

धाडचा बाजार भरात होता. मिरच्यांचे ढीग, गुळाच्या ढेपी, वांगी, मेथी, बांगड्या, दोरखंड. दोन्ही बाजूंना भाजीवाल्या बायका गोणपाटावर वाटे मांडून बसलेल्या. वाटा म्हणजे एका भावात जाणारी छोटी रास. मी तीन दिवसांच्या प्रवासानं थकले होते. रांगेत मधेच एक जागा रिकामी दिसली. झाडून सारवलेली, वर एक नारळाएवढा काळा धोंडा. मी तो पायानं बाजूला सारला, वळकटी ठेवली आणि तिच्यावर बसले.

 शेजारी मिरच्या विकणाऱ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “उठा जी.”

“रिकामीच होती ना जागा?”

“रिकामी काऊन? धोंडा हाय ना तिथं.”

“धोंड्याची जागा आहे?”

पलीकडून कुणीतरी हसलं. मिरचीवाल्या बाईंनी मला समजावलं. ज्याची जागा, तो आला नाही तर त्याचा धोंडा तिथे असतो. आजारपण असो, बाळंतपण असो, तीर्थयात्रा असो. धोंडा असेपर्यंत त्या जागेवर कोणी वाटे मांडत नाही, आणि झाडायला घेतला तर झाडून परत तिथेच ठेवायचा. “माही सून बाळंतीन व्हती तवा तीन महिने धोंडाच धंदा करून राह्यला व्हता,” बाई म्हणाल्या. मी उठले, धोंडा दोन्ही हातांनी उचलून होता तिथे ठेवला आणि माफी मागितली.

“जाऊ द्या. पन कोनाकडं आल्या तुमी?”

“वत्सलाकडे.”

आता सगळी रांगच हसली. “तिच्याच जाग्यावर बसल्या ना तुमी. पुन्याची बाई येऊन राह्यली म्हनून ती घर सारवत बसली, आन बाई हिकडं तिचा धोंडा हालवून राह्यल्या.”

वत्सलाचं घर मळ्याच्या कडेला होतं. ती दारातच भेटली. पंचविशीची, उंच, कोपरापर्यंत शेणाचे हात. हात मागे लपवत तिनं मला चिनीत विचारलं, “नी छ्र फान ल मा?” म्हणजे, जेवलात का. चिनी लोक भेटल्यावर हेच विचारतात, आणि आपणही हेच विचारतो, हे दोन वर्षांत मला कोणत्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

तिला चिनी शिकवलं तिच्या काकानं. किसनकाका फौजेत होता. बासष्टच्या लढाईत पकडला गेला आणि चीनकडच्या छावणीत त्याला स्वयंपाकघरात कामाला लावलं. भाजी चिरता चिरता तिथल्या आचाऱ्यांचं बोलणं त्यानं उचललं. सुटून आल्यावर आपल्या फौजेनं त्याला रीतसर चिनीच्या वर्गात बसवलं, तिथलं शिकवणं इंग्रजीतून, म्हणून तेवढं इंग्रजीही त्याला कळू लागलं. निवृत्त होऊन धाडला परतला तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि चिनी वाचनमाला जास्त होत्या. गावात त्याला ‘चिनीकाका’ म्हणत. पुतणी रोज संध्याकाळी त्याच्यापाशी बसे, जुड्या बांधता बांधता.

वत्सलाच्या आईनं, गोदावरीबाईंनी, आधी जेवू घातलं. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ताज्या तुरीच्या शेंगा. मग मी पाकीट फोडलं. वत्सलानं कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“हे चिनी नाई बाई.”

“नाही, इंग्रजी आहे.”

“मंग मले काऊन देऊन राह्यल्या?”

 तिला धीर यावा म्हणून मीच चिनीत एक वाक्य बोलले. ‘मी उद्या घरी जेवेन’, एवढं साधं. वत्सलानं पदर तोंडाला लावला. काका म्हणाला, “हासू नोको वं. पाहुण्या हायेत.” आणि मग माझ्याकडे वळून, अगदी आदरानं: “बाई, तुमी सरळ चीनले जाऊन नाई राह्यल्या. तुमी आधी इंग्रजीच्या घरी जाता, तिथं मुक्काम करता, आन मंग चीनची गाडी धरता.”

आदल्या दिवशी चिखलीत मी टाळ्या घेतलेल्या. त्या सगळ्या मला एकदम आठवल्या.

काकानं टोपली ओढली आणि अंगणात भाजी मांडायला घेतली. ज्यांना चिनी शिकायचंय त्यांनी हा परिच्छेद जपून वाचावा, कारण माझी दोन वर्षं यात वाचली असती.

“हे वांगं म्हंजे कोन,” काका म्हणाला. “मिरची म्हंजे कधी. कोथिंबीर म्हंजे कुठं. मुळा म्हंजे काम. टमाटं म्हंजे माल, ज्याच्यावर काम होते तो. आता पाहा. मी, उद्या, घरी, खातो, भात. वो, मिंगथ्येन, त्साय च्या, छ्र, फान. झालं चिनी.”

“आणि इंग्रजी?”

त्यानं मिरची आणि कोथिंबीर उचलून पार शेवटी नेली, तीही उलट क्रमानं. “मी, खाईन, भात, घरी, उद्या. पाहा केवढी उलथापालथ. आन आपलं? मी, उद्या, घरी, भात, खातो. चिनीत आन आपल्यात फक्त मुळ्याचं आन टमाट्याचं भांडन. तिकडं आधी काम मंग माल, आपल्यात आधी माल मंग काम. तेवढं एक शिकलं की तुमी चीनच्या वेशीवर.”

“पहिलं वरीस म्या तिथंच मार खाल्ला,” वत्सला म्हणाली. “सारखा मुळा शेवटी ठिवत व्हती.”

“काम झालेलं असलं तर?” मी विचारलं.

काकानं मुळ्याच्या मागे एक लसणाची पाकळी ठेवली. “हा ‘ल’. मुळा काही बदलत नाई. इंग्रजीत काल खाल्लं तर मुळ्याचं गाजर होते.”

मग त्यानं कोथिंबीर उचलली आणि तिच्या जागी एक रिकामी टोपली ठेवली. “आता प्रश्न. तू उद्या कुठं जेवते? बाकी कोनी जागचं हालत नाई. जो वाटा ठाऊक नाई, तिथं टोपली. आपल्यासारखंच. इंग्रजीत टोपली उचलून सगळ्यात म्होरं न्यावं लागते, आन वरून ‘डू’ नावाचा एक पाव्हना बोलवावा लागते. तो काम काहीच करत नाई, पन त्याच्याबिगर पंगत बसत नाई.”

मी इतकी हसले की गोदावरीबाई चुलीपासून उठून बघायला आल्या. पुढे जुड्या आल्या. चिनीत नुसतं ‘तीन पुस्तकं’ म्हणता येत नाही. आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये प्रत्येक जातीच्या वस्तूचा आपला एक शब्द लागतो. मी तो शब्द दर वेळी विसरायची, कारण इंग्रजीत असल्या ठिकाणी काही लागतच नाही. वत्सला म्हणाली, “तीन जुड्या मेथी, दोन ढेपी गूळ, चार जनं पाव्हने. बाजारात बसनाऱ्याले हे काय शिकवाचं?” मग मी तिला कठीण म्हणून ‘काल बाजारात धोंडा हलवणारी पुण्याची बाई’ दिलं. तिनं ते एका दमात चिनीत म्हणून दाखवलं, सगळं वर्णन आधी आणि बाई शेवटी, जसं आपण म्हणतो. “पन काल नाई, आज,” ती म्हणाली. काकानं पुस्ती जोडली, “इंग्रजीत आधी बाई उतरते, मंग तिचं सामान. आपल्यात आन चिनीत सामान म्होरं, बाई मांगून.”

शेवटी मी ती वीस वाक्यं मराठीत वाचली आणि तिनं चिनीत लिहिली. अठरा अचूक. उरलेल्या दोनांतल्या एका वाक्याबद्दल मला आजही वाटतं की तीच बरोबर होती.

पण कागद इंग्रजीत होता, आणि मी त्याच्यावर खोटं लिहिणार नव्हते. तसं मी सांगितलं. वत्सला म्हणाली, “खोटं नोका लिवू. मले इंग्रजी येत नाई हे म्याच लिवलं ना पत्रात.” गोदावरीबाईंनी विचारलं, “म्हंजे जागा नाई तिले?”  वत्सला वाक्याची भाजी टोपलीत भरू लागली. आधी टमाटं, मग मुळा. ती कुणाकडे बघत नव्हती.

मी म्हणाले, “मी विभागप्रमुखांपुढे बोलेन. असं बोलेन की त्यांना नाही म्हणता येणार नाही.”

काका उठून आत गेला आणि एक धोंडा घेऊन आला. वाटीएवढा, गुळगुळीत, एका अंगाला झिजलेला. “फौजेत जायच्या आधी मी बाजारात बसत व्हतो,” तो म्हणाला. “मी गेलो, माह्या भावानं हा माह्या जाग्यावर ठिवला. मंग तार आली, किसन बेपत्ता. लोकं रडले, पन धोंडा कोनी हालवला नाई. वरसानं मी आलो तवा जागा तिथंच. कोनी भाषन नाई केलं त्याच्यासाठी. बोलून जागा ऱ्हात नाई बाई. हा घेऊन जा. मी आता इथंच हाव, मले याचं काम नाई.”

चौथ्या दिवशी परत निघाले. जीपमध्ये एकानं विचारलं, “पिशवीत काय हाय बाई, एवढं जड?” मी म्हणाले, “जागा.” त्यानं मान डोलावली. त्या गावात एवढं पुरतं.

पुण्यात मी अहवाल जसाच्या तसा दिला: इंग्रजी येत नाही, चिनी येतं, माझ्यापेक्षा चांगलं येतं. विभागप्रमुख म्हणाले, “मग नियमानं नाहीच.” घशापाशी भाषण तयार होतं. मी ते गिळलं. नव्या वर्षाचा चिनीचा वर्ग सुरू झाला त्या संध्याकाळी पहिल्या बाकाच्या कडेला धोंडा ठेवला आणि शेजारी बसले.

पहिल्या आठवड्यात मुलांनी थट्टा केली. कोणी त्याला हजेरीत घ्या म्हणालं. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा उशिरा आला, कुठेच जागा नव्हती, तर तो धोंड्यापाशी थबकला आणि मागे जाऊन उभा राहिला. विभागप्रमुखांनी विचारलं तेव्हा मी धाडची रीत चार वाक्यांत सांगितली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. त्यांनी धोंड्याकडे एकदा पाहिलं आणि धडा सुरू केला.

तिसऱ्या आठवड्यात ते तासाला लवकर आले. आमचा शिपाई खोली झाडत होता. त्यानं धोंडा उचलला, बाक पुसला, आणि धोंडा परत तिथेच ठेवला, कडेला, नीट. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. विभागप्रमुख दारात उभे राहून ते बघत होते. तास संपल्यावर मला म्हणाले, “बोलवा तिला. तोंडी घेऊ. चिनीत.”

वत्सला आली ती हातात मेथीच्या चार जुड्या घेऊन. तोंडी परीक्षा अर्धा तास ठरली होती, दीड तास चालली. शेवटी विभागप्रमुखांनीच आपलं एक वाक्य तिच्याकडून तपासून घेतलं. बाहेर आली तेव्हा मला काही विचारायची गरज पडली नाही. सरळ वर्गात गेली, धोंडा उचलून खिडकीत ठेवला आणि बाकावर बसली. धाडला तिच्या जागी दोन वर्षं तिचा काळा धोंडा होता. मिरचीवाल्या बाई दर बाजारी तो पुसायच्या, हे गोदावरीबाईंनी कुणाकडून तरी कळवलं होतं.

त्या वर्षी वर्गात फळ्यावर वांगी-मिरच्या निघू लागल्या. इंग्रजी पुस्तकं राहिली, पण वाक्य अडलं की मुलं तिच्याकडे वळत. मी इंग्रजीच्या घरचा मुक्काम हळूहळू सोडला. अजून कधीकधी जुन्या सवयीनं तिथे डोकावते.

धाडला तुम्ही गेलात तर बाजाराच्या दिवशी जा, थंडीत जा, भरीत मागून खा, आणि बसायच्या आधी खाली बघा. मी त्या चार दिवसांतून काय घेऊन आले असं कोणी विचारलं, तर भाषणापेक्षा मोठी एक गोष्ट मला तिथे मिळाली: ज्याचं म्हणणं खरं आहे त्यानं ओरडलंच पाहिजे असं नाही, जागा धरून बसलं तरी चालतं. भाषणं मी सोडली नाहीत, ते माझ्या हातात नाही. थोडी आखूड झाली, इतकंच.

दोन वर्षांनी वत्सला निघाली तेव्हा मी खिडकीतला धोंडा तिच्या हातात ठेवला. काकाचा आहे, घेऊन जा म्हटलं. तिनं तो पदरानं पुसला आणि पुन्हा पहिल्या बाकाच्या कडेला ठेवला.

“राहू द्या बाई,” ती म्हणाली. “कोनीतरी येऊन राह्यलं असंल.”